ओपीडीच्या बाकावर न दिसणारी माणसं

वाचकाचं पत्र :

"माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. सतराव्या वर्षी गांजा सुरू झाला, गेली दोन वर्षं अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. तीनदा सोडून झालं. शेवटच्या वेळी दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, सहा आठवडे बरे गेले, मग परत तेच. बाबा म्हणतात, नशेनं याचं डोकं बिघडवलं, नशा सुटली की सगळं जागेवर येईल. आई म्हणते, हा बारा वर्षांचा असल्यापासून असाच आहे. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं, रात्र-रात्र झोपायचा नाही. यावरून दोघांचं रोज वाजतं. मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं तर म्हणाले, आधी नशा सोडवून आणा, मग नैराश्याचं बघू. केंद्रात म्हणाले, मनाच्या गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन, इथे चालणार नाहीत. तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, 'वीस वर्षं बघतोय ताई, शंभरात एखादाच सुटतो.' मी वाचलंय की अमली पदार्थांचं व्यसन असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक आजार असतो, आणि हे रक्तातून येतं. मग मलाही होणार का? हल्ली मी रात्री दोन-तीनदा उठून त्याचा श्वास चालू आहे ना, ते बघते. परवा त्यानं विचारलं, 'ताई, माझ्यासारखे किती जण बरे होतात?' मला उत्तर देता आलं नाही."
एक बहीण

उत्तर :

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण सुरुवात मी ज्या वाक्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्ह दिलेलं नाही तिथून करते. रात्री उठून श्वास बघण्याचं. तुमची ती भीती अवाजवी नाही. अफूच्या जातीची औषधं मेंदूतला श्वास चालवणारा भाग मंद करतात. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावत जातं. काही आठवडे बंद राहिलं की शरीराचा सराव मोडतो, मन मात्र जुना डोस विसरत नाही. म्हणून सोडून आलेल्या माणसानं पहिल्यांदा परत घेतलं की तो क्षण सगळ्यात धोक्याचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं मरण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट निघाला. तुरुंग आणि व्यसनमुक्ती केंद्र या दोन वेगळ्या जागा आहेत, पण खंडानंतर शरीराचं जे होतं ते दोन्हीकडे सारखंच.

तेव्हा नॅलोक्सोन या औषधाबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. अफूवर्गीय औषधानं मंदावलेला श्वास ते काही मिनिटांत परत आणू शकतं. ते कसं द्यायचं हे घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्यावं. हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर पडले असतील, तर रुग्णवाहिका बोलवा, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा आणि एकट्याला सोडू नका. नॅलोक्सोनचा असर उतरला की श्वास परत मंदावू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेणं टाळू नका. झोपेच्या गोळ्या किंवा दारू या गोळ्यांबरोबर घेणं फार घातक असतं, हे त्याला स्पष्ट सांगा. न रागावता सांगा, कारण रागावलात तर पुढच्या वेळी तो लपवेल, आणि लपून एकट्यानं घेणं हीच सगळ्यात वाईट परिस्थिती.

आणि एक. मरावंसं वाटतं का, हे त्याला सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर तो बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलू नका.

आता आकडे. मी हयातभर दोन कामं केली. सकाळी ओपीडीत रुग्ण बघायचे, आणि वर्षातले काही महिने घरोघर जाऊन, आजारी असो-नसो, सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे. या दुसऱ्या कामाला साथरोगशास्त्र म्हणतात. नाव साथींचं असलं तरी ते कुठलाही आजार लोकांमध्ये कसा पसरलाय, कुणाला होतो, कुणाला होत नाही आणि का, हे मोजतं. ही दोन्ही कामं करणाऱ्या माणसाच्या एक गोष्ट लवकर लक्षात येते. ओपीडीत दिसणारा आजार आणि घरोघर सापडणारा आजार यांचं नाव एक असलं तरी चेहरा वेगळा असतो. तुम्हाला घाबरवणारी दोन्ही वाक्यं, 'निम्म्याहून जास्त' आणि 'शंभरात एखादाच', या फरकाशी येऊन थांबतात, म्हणून त्यावर जरा वेळ घालवू.

'निम्म्याहून जास्त' हा आकडा खोटा नाही. तो बहुधा १९९० सालच्या एका शोधनिबंधातून हातोहाती तुमच्यापर्यंत आलाय. त्याआधीच्या दशकात अमेरिकेत न्यू हेवन, बाल्टिमोर, सेंट लुईस, डरहॅम आणि लॉस एंजेलिस या पाच ठिकाणी सुमारे २०,००० प्रौढांच्या मुलाखती झाल्या होत्या. डॅरेल रेजियर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा हिशेब मांडला. दारू वगळता इतर अमली पदार्थांचा विकार आयुष्यात कधीतरी झालेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी एखादा मानसिक विकारही झालेला होता. 'कधीतरी' या शब्दावर बोट ठेवून वाचा. विसाव्या वर्षी व्यसन आणि चाळिसाव्या वर्षी नैराश्य असलेला माणूसही त्या ५३ मध्ये मोजला गेलाय. शिवाय 'मानसिक विकार' म्हणताना त्यात उंचीच्या किंवा गर्दीच्या तीव्र भीतीपासून स्किझोफ्रेनियापर्यंत सगळं आलं. आणि हाच आकडा उलटा वाचता येत नाही. त्याच अभ्यासात मानसिक विकार झालेल्यांपैकी दारू किंवा इतर कुठल्याही पदार्थाचा विकार झालेले होते २९ टक्के. म्हणजे मन आजारी असलेल्या बहुतेकांना व्यसन जडलेलं नव्हतं. तुम्ही वाचलेल्या मजकुरात ही दुसरी बाजू नसणार; ती क्वचितच असते.

तरीही दोन्ही आजारांची गाठ खरी आहे, योगायोगाची नाही. व्यसनाचा विकार नसलेल्यांशी तुलना केली तर मानसिक विकाराची शक्यता साडेचार पट भरली. नंतर दुसऱ्या देशांत, दुसऱ्या प्रश्नावल्या घेऊन पाहण्या झाल्या, तेव्हाही ही गाठ सुटली नाही.

मग ओपीडीत ती आणखी घट्ट का दिसते? संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये याचं कारण दाखवून दिलं होतं. ज्याला एक आजार आहे त्याला दवाखान्यात येण्याचं एक निमित्त असतं, दोन आजारवाल्याला दोन. त्यामुळे दवाखान्यात दोन्ही आजार असलेली माणसं त्यांच्या खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त गोळा होतात. अमेरिकेत २००१-०२ मध्ये ४३,०९३ लोकांची पाहणी झाली, तिच्यात हे स्वच्छ उतरलंय. त्या वर्षात दारूचा किंवा इतर पदार्थाचा विकार असलेल्या सगळ्यांमध्ये नैराश्यासारखा मनःस्थितीचा विकार होता साधारण २० टक्क्यांना. पण त्यांतले जे उपचाराला गेले होते त्यांच्यात हेच प्रमाण दारूच्या रुग्णांत सुमारे ४० टक्के आणि अमली पदार्थांच्या रुग्णांत सुमारे ६० टक्के. उपचारानं नैराश्य वाढलं असा याचा अर्थ लावू नका. नैराश्यानं माणसं दारापर्यंत आणली.

आता त्या कर्मचाऱ्याचं वाक्य. 'वीस वर्षं बघतोय.' तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. तो जे बघतो तेच त्यानं सांगितलं. पण तो काय बघू शकतो, ते हिशेबानं पाहू. समजा दर वर्षी १०० माणसांना एखादा आजार होतो. त्यांतली ९० एका महिन्यात बरी होतात, १० जणांना तो दहा वर्षं पुरतो. आता दहाएक वर्षांनी कुठल्याही एका दिवशी बाकावर कोण बसलेलं दिसेल? महिनाभरवाले साधारण सात-आठ, आणि दहा वर्षंवाले शंभर. बाक बघून माणूस शपथेवर सांगेल की हा आजार दहातल्या नऊ जणांना वर्षानुवर्षं सोडत नाही. प्रत्यक्षात दहातले नऊ महिन्यात घरी गेले. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, व्यसन इतक्या लवकर सुटत नाही. पण हिशेब असाच चालतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'चिकित्सकाचा भ्रम' म्हटलं. बरा झालेला माणूस केंद्रात 'मी अजून बरा आहे' हे कळवायला येत नाही. परत घसरलेला येतो, आणि पुन्हा पुन्हा येतो. मी स्वतः ओपीडीत बसून कित्येक वर्षं तोच निराश निष्कर्ष काढला होता. घरोघर जायला लागल्यावर 'होतं एकेकाळी, आता नाही' असं सांगणारी माणसं इतकी भेटली की मला माझं मत बदलावं लागलं.

बाबांचं आणि आईंचं भांडण हे या शास्त्रातलंही जुनं भांडण आहे. आधी काय आलं? याची तीन उत्तरं दिली जातात. मन आधी आजारी होतं आणि माणूस पदार्थात आराम शोधतो. मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये हा विचार ठामपणे मांडला. किंवा पदार्थ मनाला आजारी करतो. किंवा तिसरंच काहीतरी, म्हणजे आनुवंशिकता, बालपणीचे आघात, दोन्हींची मुळं ओलावत असतं.

आईंच्या बाजूनं वयाचा पुरावा आहे. रोनाल्ड केसलर यांच्या गटानं २००१ ते २००३ दरम्यान ९,२८२ जणांशी बोलून आजार कोणत्या वयात सुरू झाले ते मांडलं. चिंतेच्या विकारांचं मधलं वय निघालं ११ वर्षं. पदार्थांच्या विकारांचं २०. शाळेच्या नावानं दुखणारं पोट आणि उडालेली झोप, आणि मग सतराव्या वर्षी गांजा, हा क्रम त्या चित्रात चपखल बसतो. त्याच पाहणीत आयुष्यभरातल्या एकूण मानसिक विकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले होते. आपण त्याला 'वयात आलाय, अभ्यासाचा कंटाळा आहे' म्हणून सोडून देतो तेच ते वय.

बाबांच्या बाजूनंही पुरावा आहे, आणि तो मी लपवणार नाही. स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांकडून गांजासारख्या पदार्थांची माहिती घेऊन पुढची १५ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ५० हून जास्त वेळा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट होतं. इतर बाबींचा हिशेब धरल्यावर हा फरक कमी झाला, पुसला मात्र गेला नाही. इथेही 'सहापट' ऐकून दचकण्याआधी शंभरात किती ते विचारा. जास्त घेणाऱ्या त्या तरुणांत आजार झाला शंभरातल्या जेमतेम तिघांना. अफूच्या गोळ्यांचंही तसंच. नशा उतरतानाची बेचैनी, निद्रानाश, कशातच गोडी न वाटणं, हे बाहेरून अगदी नैराश्यासारखं दिसतं आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत ओसरतं.

तेव्हा दोघंही थोडे-थोडे बरोबर आहेत. पण दोघांच्या आठवणीवर मी कोर्टात शपथ घेणार नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांना संशोधक वर्षानुवर्षं भेटत राहिलेत. त्यांना दिसलं की वेळोवेळी जाऊन विचारलं तर बत्तिसाव्या वर्षापर्यंत जितक्या जणांना आजार झाल्याची नोंद होते, त्याच्या साधारण निम्मीच नोंद एकदाच गाठून 'आजवर कधी झालं होतं का' असं विचारलं तर होते. माणसं स्वतःचे दुखरे महिने विसरतात. आई-वडील मुलांचे विसरतात, त्यात वाईटपणा कुणाचाच नाही.

आणि मला हे भांडण थांबवावंसं वाटतं ते याच कारणानं की त्याच्या निकालावर तुमच्या भावाचा उपचार अवलंबून नाही. आधी काय आलं हे हजारो लोकांच्या हिशेबात महत्त्वाचं आहे, कारण त्यावरून शाळेत काय करायचं, कोणत्या वयात मुलांना गाठायचं हे ठरतं. एका माणसात दोन्ही एकदा वस्तीला आले की ते एकमेकांना पोसतात. नैराश्यानं तलफ वाढते, नशेनं नैराश्य. एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याची वाट बघत बसलं की दोन्ही टिकतात.

म्हणूनच 'आधी नशा सोडवून आणा' हे ऐकून मला राग आला. तो विचार कुठून येतो ते समजतं. नैराश्य नशेचं की स्वतंत्र, हे ठरवायला नशा थांबल्यावर साधारण महिनाभर वाट बघायची, असा निदानाचा एक प्रघात आहे. पण निदानाची तारीख पुढे ढकलणं वेगळं आणि माणसाला दारातून परत पाठवणं वेगळं. शिवाय मघाच्या ४३,०९३ जणांच्या पाहणीत त्या वर्षी मनःस्थितीचा विकार असलेल्या सगळ्यांमध्ये फक्त आणि फक्त पदार्थामुळे झालेला विकार १ टक्क्याहूनही कमी जणांत सापडला. बाराव्या वर्षापासून झोप उडालेल्या मुलाच्या बाबतीत 'नशा गेली की जाईल' असं गृहीत धरायला मी तयार नाही.

केंद्राच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची खरोखर सवय लागते, आणि अफूवर्गीय गोळ्यांबरोबर त्या धोक्याच्याही आहेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या त्या जातीच्या नाहीत. त्यांची तलफ लागत नाही, डोस चढवत न्यावा लागत नाही. फक्त अचानक बंद केल्या तर त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवतात. सगळ्या 'मनाच्या गोळ्या' एका पोत्यात घालणं बरोबर नाही.

दोन दारांमध्ये टोलवले गेलेले तुम्ही एकटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं २६ देशांत झालेल्या पाहण्यांचा एकत्र हिशेब २०१७ मध्ये आला. मागच्या वर्षभरात दारू किंवा इतर पदार्थांचा विकार असलेल्यांपैकी किमान म्हणावा इतका उपचार मिळाला होता सुमारे ७ टक्क्यांना. श्रीमंत देशांत १० च्या आसपास, गरीब देशांत १ टक्का. हे वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा येतात ते बाकीचे ९३.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा एका औषधाचं नाव घेऊन विचारा : ब्युप्रेनॉर्फिन. मेथाडोनही त्याच कामाचं आहे. ही अफूवर्गीयच औषधं, पण देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत दिली की तलफ आणि अंगदुखी थांबते, नशा चढत नाही, माणूस दिवसभर कामाचा राहतो. बाबा म्हणतील, एक सोडून दुसरी गोळी. त्यांना मृत्यूचे आकडे दाखवा. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये हिशेब झाला, तेव्हा मेथाडोन चालू असताना दर हजार जणांमागे वर्षाला ११ मृत्यू होते, ते बंद झाल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिनवर ४, बंद झाल्यावर ९ ते १०. माझ्या मते भावाच्या तीन प्रयत्नांत जी गोष्ट राहून गेली ती हीच. तीनही वेळा नशा नुसती थांबवली गेली, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. अफूवर्गीय व्यसनात तेवढं पुरत नाही, आणि वर शरीराचा सराव मोडलेला असतो. मनोबल कमी पडलं असा ठपका त्याच्यावर ठेवण्याआधी त्याला योग्य औषध मिळालं होतं का, हा प्रश्न विचारायला हवा.

तुमच्याबद्दल. भावंडांत जोखीम वाढते हे खरं आहे. घरात एकाला असलं की जवळच्या नातेवाइकांत व्यसनाचं प्रमाण जास्त आढळतं. पण पदार्थ शरीरात गेल्याशिवाय त्याचं व्यसन जडत नाही, जनुकं कशीही असोत. आणि घेऊन बघणारे सगळेच अडकतात असंही नाही. १९९४ सालच्या एका अमेरिकी हिशेबात निदान एकदा घेऊन बघितलेल्यांपैकी पुढे अवलंबित्व आलेले होते तंबाखूचे ३२ टक्के, हेरॉइनचे २३, कोकेनचे १७, दारूचे १५, गांजाचे ९. तुमच्यासारख्या घरातल्या माणसानं ही सरासरी आपली समजू नये, जरा जास्त सावध राहावं, इतकाच त्याचा अर्थ. आज मला तुमची काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही किती दिवसांत सलग झोपला नाहीत? पहारा तिघांत वाटून घ्या. आणि महिनाभरात झोप, भूक, मन थाऱ्यावर आलं नाही तर स्वतःसाठी, स्वतःच्या नावानं केसपेपर काढून डॉक्टरांना भेटा.

आता भावाचा प्रश्न. 'माझ्यासारखे किती जण बरे होतात?'

त्याला ली रॉबिन्स यांचा अभ्यास सांगा. व्हिएतनाममधून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ २० टक्के तिथे असताना हेरॉइन-अफूच्या व्यसनात अडकले होते. सगळ्यांना वाटलं, आता हे आयुष्यभर. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे ५ टक्केच परत व्यसनात गेले, तीन वर्षांत १२ टक्के. भावाची परिस्थिती तशी नाही. त्याला तोच गाव, तीच खोली, तेच मित्र आहेत. पण जागा आणि दिनक्रम बदलण्यात किती ताकद असते ते यातून कळतं, आणि खोली-मित्र-दिनक्रम यांतलं थोडंफार तर बदलता येईल.

मग त्याला २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगा. अमेरिकेतल्या प्रौढांमध्ये, दारूचा किंवा पदार्थांचा मोठा प्रश्न होता पण आता सुटला, असं सांगणारे ९.१ टक्के निघाले. म्हणजे सव्वादोन कोटी माणसं. ही सगळी बाकावर न दिसणारी. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी कुठली ना कुठली मदत घेतली होती. किती प्रयत्नांत सुटलं, याची सरासरी आली ५.३५. पण सरासरी फसवी असते, वीस-तीसदा झगडलेली थोडी माणसं तिला वर ओढतात. सगळ्यांना ओळीत उभं करून मधल्या माणसाला विचारलं तर त्याचं उत्तर होतं, दोन. चिंता किंवा नैराश्यही असलेल्यांना जास्त प्रयत्न लागले होते, हेही त्याला सांगा, म्हणजे तीन प्रयत्न हे त्याला स्वतःचं अपयश वाटणार नाही. मनावरचा उपचार तिन्ही वेळा बाहेरच राहिला होता. रक्तदाब आणि दमा यांतही निम्म्याहून जास्त रुग्णांचा आजार वर्षभरात पुन्हा उसळतो, व्यसनात ४० ते ६० टक्के. रक्तदाब परत वाढला म्हणून आपण कुणाला केंद्रातून काढत नाही, औषध बदलतो.

पुढच्या भेटीआधी एक कागद घ्या. डावीकडे त्याचं वय, दहापासून तेवीसपर्यंत. एका रकान्यात झोप आणि मन, दुसऱ्यात काय घेत होता, तिसऱ्यात कधी थांबलं होतं आणि तेव्हा मन कसं होतं. तो तिसरा रकाना डॉक्टरांसाठी सगळ्यात मोलाचा. आई-बाबांनी आपापल्या आठवणी वेगळ्या कागदावर लिहाव्यात, एकमेकांना न दाखवता. भावाचा कागद त्यानंच भरू दे. जिथे त्याला आठवणार नाही ती वर्षं कोरी राहू देत, तुम्ही भरू नका.